फुकटातलं बर्लिन

पाठीवर सॅक टाकून युरोप फिरायचं म्हटलं की आमच्यासारखा आयटीवाला आधी एक्सेल शीट उघडतो. एका कॉलममध्ये बघायची ठिकाणं, दुसऱ्यात तिकीट. बर्लिनचे चार दिवस भरले तेव्हा दुसऱ्या कॉलममध्ये शून्यांची रांगच लागली. नीट पाहिलं तर त्या शून्यांना एक हिशोब होता. प्रशियाच्या राजांचा शार्लोटेनबुर्ग महाल, तिकीट. नेफर्टिटीचा प्रसिद्ध अर्धपुतळा, तिकीट. पण भिंतीचं स्मारक, गेस्टापोच्या मुख्यालयाची जागा, नाझींनी पुस्तकं जाळली तो चौक, ज्यूंच्या हत्याकांडाच्या स्मरणार्थ २००५ साली खुले झालेले २७११ काँक्रीटचे ठोकळे, हे सगळं फुकट. म्हणजे वैभव बघायला पैसे पडतात, लाज बघायला नाही.

आधी व्यवहाराचं सांगतो. हॉस्टेलात आठ जणांच्या खोलीतला बेड घ्यायचा, आणि वरचा मिळाला तर तक्रार करायची नाही. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशीनला दिली की ते परत मिळतं. टूर बसच्या भानगडीत न पडता १०० नंबरची साधी सिटी बस पकडायची. ती झू स्टेशनपासून अलेक्झांडरप्लात्झला जाते, वाटेत राइशटाग आणि ब्रँडेनबुर्ग गेटचा परिसर येतो. १९९० साली सुरू झालेली ही बस म्हणजे पूर्व आणि पश्चिम बर्लिन पुन्हा जोडणारा पहिला बसमार्ग. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर काय विचारता!

भिंत बघायला बहुतेक लोक ईस्ट साइड गॅलरीला जातात, रंगवलेल्या भिंतीसमोर फोटो काढतात. माझं ऐकाल तर बर्नाउअर श्ट्रासला जा. या रस्त्यावर एका बाजूच्या इमारती पूर्व बर्लिनच्या हद्दीत होत्या, पण त्यांच्या दारापुढचा फुटपाथ पश्चिमेचा. म्हणजे उंबरा ओलांडला की दुसरा देश! १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली आणि मग ही दारं बंद केली गेली. लोक खिडक्यांतून उतरायला लागले. खाली पश्चिमेचे अग्निशामक दलाचे जवान जाळं धरून उभे राहायचे. २२ ऑगस्टच्या सकाळी इडा सीकमान या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून आधी गाद्या-रजया खाली टाकल्या आणि जाळं यायच्या आत उडी मारली. दुसऱ्या दिवशी त्यांचा ५९ वा वाढदिवस होता. भिंतीपायी गेलेला हा पहिला जीव. त्यांना धरून एकट्या बर्लिनमध्ये निदान १४० जण गेले.

तिथून भूक लागली म्हणून डोनर घेतला तरी इतिहास पाठ सोडत नाही. भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगार पश्चिम जर्मनीला मिळेनासे झाले. तुर्कस्तानशी मजूर आणण्याचा करार झाला तो ऑक्टोबर १९६१ मध्ये, म्हणजे भिंतीनंतर अडीच महिन्यांनी. वाटाघाटी आधीपासून चालल्या असणार, सगळं श्रेय भिंतीला द्यायला नको. पण स्वस्तात पोट भरणारा हा डोनर त्याच काळाची देणगी आहे.

आता वाटेल, जर्मन लोक मुळातच फार प्रामाणिक, म्हणून सगळं उघडं मांडून बसलेत. तसं नाही हो. गेस्टापो आणि एसएसच्या मुख्यालयाच्या जागेवर आज 'टोपोग्राफी डेस टेरर्स' हे केंद्र आहे. युद्धानंतर तिथले पडके अवशेष पाडून टाकले आणि पुढे कित्येक वर्षं तिथे लायसन नसलेल्यांना गाडी चालवायला मिळेल असं मैदान होतं! हिमलरचं ऑफिस होतं तिथे लोक क्लच-ब्रेक शिकत होते. १९८५ साली काही नागरिकांनी स्वतः कुदळी-फावडी घेऊन तिथे खणायला सुरुवात केली. १९८७ मध्ये पहिलं प्रदर्शन लागलं आणि आजची इमारत झाली २०१० साली. आमच्या धंद्यातही सिस्टीम कशी कोसळली याचा रिपोर्ट कुणीतरी पिच्छा पुरवल्याशिवाय बाहेर येत नाही.

शेवटचा दिवस मी गाइडबुकात नसलेल्या एका पत्त्यासाठी ठेवला होता. इहने श्ट्रास २२, डालेम. यू-३ मेट्रोने जायचं, खर्च दिवसाच्या पासातच. झाडीतली शांत इमारत, आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. १९२७ साली इथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली, संचालक ऑयगेन फिशर. आणि १९२८ च्या अखेरीस इथे शिकायला आल्या आपल्या इरावतीबाई कर्वे. हो, 'युगान्त'वाल्याच. सासऱ्यांचा, म्हणजे प्रत्यक्ष महर्षी कर्व्यांचा, जर्मनीला जायला विरोध होता. नवरा दिनकरराव मात्र पाठीशी. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतलेले. बजेटच्या गोष्टी आपण कोणाला सांगतोय!

फिशरसाहेबांचा सिद्धान्त असा की गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्यांच्या मेंदूचा बुद्धीचा भाग मोठा. हे मोजून दाखवायचं काम इरावतीबाईंकडे आलं. मोजायच्या कवट्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. तिशीही न गाठलेल्या बाई, परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांचाच हा सिद्धान्त. त्यांनी मोजलं आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. मला त्या चार दिवसांत बर्लिनमध्ये याहून मोठं काही दिसलं नाही.

संस्था मात्र आपल्याच वाटेने गेली. फिशरनंतर १९४२ मध्ये संचालक झालेल्या फेर्शुअरचा जुना सहायक म्हणजे योझेफ मेंगेले. आउश्वित्झमधून त्याने मृतांचे डोळे आणि रक्ताचे नमुने याच संस्थेकडे पाठवले. इमारतीवर त्याबद्दलची पाटी लागली १९८८ साली. नंतर २०१४ मध्ये शेजारी युनिव्हर्सिटीच्या बांधकामात माणसांची हाडं सापडली आणि घाईघाईने जाळून पुरून टाकली गेली. त्यावरून ओरड झाल्यावर पुढचं खोदकाम पुरातत्त्वज्ञांकडून करून घेतलं. सुमारे १६,००० तुकडे निघाले. कुणाचे, कुठल्या देशाचे, हे शोधायला वंश ठरवणारी तीच जुनी मोजमापं पुन्हा वापरावी लागली असती. ती करायची नाहीत असं ठरलं, आणि मार्च २०२३ मध्ये ते सगळे अवशेष डालेमच्याच दफनभूमीत एकत्र पुरले.