हिऱ्याचे पाणी आणि हिऱ्याचा रंग

आम्हां हैदराबादकर मराठी कुटुंबांपैकी काही घरांत हिऱ्याच्या कुड्या सासूकडून सुनेकडे येत गेल्या. आता त्या सराफाकडे तपासायला नेल्या, की कानी पडते, “रंग जरा पिवळट आहे, ‘के’ किंवा ‘एल’ धरा.” घरच्यांचे तोंड उतरते. ही अक्षरे आली कोठून, हे म्हणून समजून घेतले पाहिजे.

ज्या गोवळकोंड्याच्या सावलीत आपण वाढलो, तेथील बाजारात कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीचे हिरे येत. सतराव्या शतकात येथे आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए लिहितो, की युरोपीय लोक कच्चा हिरा दिवसा पारखतात, तर इकडचे व्यापारी रात्री. भिंतीत फूटभर कोनाडा करून त्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि हिरा चिमटीत धरून त्याचे पाणी पाहायचे. निळसर झाक हेरायची तर हिरा दाट पानांच्या झाडाखाली न्यायचा. फारसीतला ‘आब’ तो हाच. आपले ‘आबदार’ आणि ‘पाणीदार’ हे शब्द आजही तीच पारख सांगतात.

पिवळेपणा येतो तो बहुधा हिऱ्यातील नायट्रोजनमुळे. तो मोजण्याची ‘डी’ ते ‘झेड’ ही श्रेणी अमेरिकेतील जीआयए या संस्थेने 1950 च्या दशकात रूढ केली. ए, बी, सी ही अक्षरे व्यापारी आपापल्या परीने वापरत असत. तो घोळ टाळण्यासाठी सुरुवातच ‘डी’पासून केली. ‘डी’ म्हणजे रंगहीन, ‘के’पासून फिकट पिवळी छटा. सुटा हिरा पालथा ठेवून, ठरावीक उजेडात, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून अक्षर ठरते.

यातील ‘सुटा’ हा शब्द महत्त्वाचा. जुन्या बंद कोंदणात हिऱ्याखाली चकचकीत पत्रा बसवलेला असे. त्याचा आणि सोन्याचा रंग हिऱ्यात उतरतो. कोंदणातल्या हिऱ्याला सांगितलेले अक्षर हा अंदाजच असतो. शिवाय ते अक्षर फक्त छटा सांगते. पैलू, स्वच्छता आणि वजन यांचा हिशेब वेगळा.

नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या निर्मळ हिऱ्याला, तो कोणत्याही खाणीचा असो, बाजार आजही ‘गोवळकोंडा’ म्हणतो. तेव्हा केवळ एका अक्षरावरून आजीच्या कुड्या मोडायची घाई आपण करू नये. त्या कोणाकोणाच्या कानात होत्या, तेवढे मात्र यंदा वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवू.