तारण घरांचा लिलाव व बोली (कोल्हापूर)

कर्ज थकल्याने बँकेने ताब्यात घेतलेले तारण घर जाहीर बोलीने विकण्याची कायदेशीर पद्धत. ती मुख्यतः २००२ च्या सरफेसी कायद्याने व त्याखालील नियमांनी चालते. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. मुरगूड येथील विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो लागू असल्याचा निर्णय दिला. शेतजमीन या कायद्याबाहेर राहते. पतसंस्थांची वसुली मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम १५६ व नियम १०७ यांनुसार होते.

बँक आधी साठ दिवसांची मागणी नोटीस देते, मग ताबा घेते आणि ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावरून राखीव किंमत ठरते. पहिल्या विक्रीपूर्वी तीस दिवसांची सूचना लागते. तो लिलाव फसला तर पुढच्या वेळी पंधरा दिवसांची पुरते.

बोलीत उतरण्यासाठी इसारा रक्कम आधी भरावी लागते. ती बहुधा राखीव किमतीच्या दहा टक्के असते. बोली आता ऑनलाइन होते. सरकारी बँकांच्या मिळकती २०१९ पासून ‘ई-बिक्रय’ या पोर्टलवर आणि जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या पोर्टलवर मांडल्या जातात. प्रत्येक बोली ठरलेल्या टप्प्याने वाढवायची असते. शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली, तर बहुतेक लिलावांत वेळ आपोआप वाढते.

एरवीच्या घरखरेदीत चालते तशी घासाघीस येथे नसते. सर्वोच्च बोलीवर बँक ‘आणखी थोडे वाढवा’ म्हणत नाही आणि बोली लावणाऱ्यालाही दर उतरवून मागता येत नाही. राखीव किमतीच्या वर दर मिळालाच नाही, तर मिळेल त्या किमतीला विक्री करता येते. पण त्यासाठी कर्जदार आणि बँक दोघांची संमती हवी. खरी बोलणी होतात ती खासगी कराराने विक्री करताना. तिच्या अटी बँक व खरेदीदार लेखी ठरवतात.

बोली लागली की इसाऱ्यासह पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची. उरलेली पंच्याहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची. लेखी मुदतवाढ तीन महिन्यांपर्यंतच मिळते. मुदत चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. पूर्ण रक्कम आल्यावर विक्री दाखला मिळतो. कर्जदाराला घर सोडवून घेण्याची संधी २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच उरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच स्पष्ट केले.

विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते, आणि स्वस्ताईने भुलणारा खरेदीदार फसतो तो इथेच. घराचा ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ प्रतीकात्मक, हे नोटिशीत पाहणे सर्वांत महत्त्वाचे. प्रतीकात्मक असेल तर आत माणसे राहत असू शकतात आणि ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागते. मिळकत पत्रिका, थकलेला घरफाळा, पाणीपट्टी व सोसायटीची येणी बोलीपूर्वीच तपासावीत. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. कोल्हापूरसाठी ते पुण्यात आहे.