बोंडअळी म्हणजे नेमकी कोणती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कुठल्याही गावच्या पारावर जाऊन ‘यंदा पऱ्हाटी कशी आहे?’ असं विचारा. साल वाईट असेल तर उत्तर ठरलेलं असतं : ‘बोंडअळी आली.’ त्यापुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कोणती बोंडअळी? आज मला या राहून गेलेल्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे.

बोंडअळी हे एका किड्याचं नाव नाही. कपाशीचं बोंड पोखरणाऱ्या निरनिराळ्या पतंगांच्या अळ्यांना आपण ते सरसकट देऊन टाकलं आहे. त्यातल्या तीन मुख्य. ठिपक्यांची, अमेरिकन म्हणजे हिरवी, आणि गुलाबी, जिला जुनी माणसं शेंदरी म्हणतात.

रात्री दिव्यावर आलेले पतंग पाहिले तर या तिघींत गोंधळ होऊ नये. हिरव्या अळीचा पतंग अंगानं दणकट, पंख पसरले की दीड इंचाच्या आसपास. पुढच्या पंखावर एक काळपट डाग आणि मागच्या फिक्या पंखाला गडद किनार. गुलाबी अळीचा पतंग त्याच्या निम्म्यानं, मातकट करडा, पंखांना झालर असलेला. ठिपक्यांच्या अळीचा पतंग छोटा आणि देखणा. खरी गंमत तिथेच आहे, कारण ‘ठिपक्यांची’ या नावाखालीही दोन सख्ख्या जाती नांदतात. एकीच्या पांढुरक्या पंखावर मधोमध हिरवा पट्टा असतो, तर दुसरीचा अख्खा पंख हिरवा. दुसरीच्या अळीच्या अंगावर काट्यांसारखे लांब उंचवटे असतात, पहिलीची त्या मानानं गुळगुळीत. पहिलीला दमट हवा मानवते, दुसरी कोरड्या मुलखात अधिक. दोघी भेंडीवरही तितक्याच आनंदानं राहतात.

आता इतिहासाकडे वळू. गुलाबी अळीला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच देशातल्या नमुन्यांवरून. १८४२ साली भडोचच्या सरकारी कापूसमळ्यातली कीड विलायतेला गेली आणि पुढच्या वर्षी विल्यम सॉंडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. पुढे ही अळी सरकीत दडून जहाजानं जग फिरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती इजिप्तला पोहोचली, १९११च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये.

‘अमेरिकन’ बोंडअळीची गोष्ट याच्या उलट आहे. ती अमेरिकेची नाहीच! आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया हे तिचं जुनं घर. अमेरिकेत मक्याची कणसं खाणारी तिची चुलत बहीण वेगळी आहे. पण दोघींचे पंख इतके सारखे, की कित्येक वर्षं त्या एकच समजल्या गेल्या. पंखांवरून निवाडा होईना, तेव्हा शास्त्रज्ञ पोटाकडे वळले. पतंगाच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात शिजवायचं, मऊ भाग विरघळला की उरलेले जननेंद्रियांचे कठीण भाग काचपट्टीवर मांडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पंखांचा रंग एकाच जातीत बदलू शकतो. या भागांची ठेवण सहसा तशी बदलत नाही. अशा तपासणीच्या आधारावर १९६५ साली हार्डविक या शास्त्रज्ञानं या गोतावळ्याची नीट विभागणी केली. गुलाबी अळीचीही ऑस्ट्रेलियात एक जुळी बहीण निघाली. तीही वेगळी असल्याचा पुरावा १९२९ साली याच रीतीनं पक्का झाला.

‘पतंगाचं पोट चिरून आम्हा शेतकऱ्यांना काय मिळणार?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. माझं उत्तर असं की, जात बदलली की राहणी बदलते, आणि राहणी बदलली की इलाज बदलतो.

हिरवी अळी बोंडाला गोल भोक पाडते आणि निम्मं अंग बाहेर ठेवून खाते. ती डोळ्यांना दिसते, तिच्यावर फवारा पडतो. ती एकट्या कपाशीची नाही. तुरीच्या शेंगेत तीच, हरभऱ्यावरची घाटेअळीही तीच. गुलाबी अळीचं सगळंच निराळं. अंड्यातून निघाली की ती फुलात वा कोवळ्या बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजून जातं. फूल मिटलेलं राहिलं, त्याची डोमकळी झाली, तर ती ओळखू येते. पण बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. कपास वेचायला जावं तर हाती कवडी लागते. शिवाय आपल्या भागात तिचा संसार जवळजवळ सगळा कपाशीवरच चालतो.

हा शेवटचा फरकच पुढे महाग पडला. १९८०च्या दशकात नवी कीटकनाशकं आली आणि काही वर्षांतच हिरवी अळी त्यांना पुरून उरली. तिच्या धाकानं २००२ साली बीटी कपाशीला मान्यता मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली. हिरव्या अळीला तुरीवर, हरभऱ्यावर बिनविषारी अन्न मिळत राहिलं, त्यामुळे तिच्यात विषाला सोसणाऱ्यांची गर्दी लवकर झाली नाही. गुलाबीला मात्र पिढ्यान् पिढ्या बीटीच खावी लागली. तिच्यासाठी बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या कपाशीचं पाकीट दिलं जाई, पण ते पेरलं क्वचितच गेलं. त्यात फरदड ठेवल्यानं तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत ताट वाढलेलं. २०१० साली गुजरातेत पहिल्या बीटीला ती दाद देत नसल्याचं जाहीर झालं. काही वर्षांत दुसरीचीही तीच गत झाली.

मग आलं २०१७. त्या हंगामात गुलाबी अळीनं जिल्ह्यातली बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्याची कारणं अनेक होती. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, अंगावर धड कपडा नाही, शिवाय रस शोषणाऱ्या किडीही होत्या. सगळा दोष एका अळीवर ढकलणं खरं होणार नाही. पण एवढं खरं, की बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. ‘बोंडअळीचं औषध द्या’ असं दुकानात म्हटलं, की हा फरक बुडतो.

हीच गुलाबी अळी अमेरिकेनं २०१८ साली आपल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. बीटी कपाशी, नपुंसक केलेले पतंग सोडणं, कामगंधाचा वापर आणि हंगामानंतर पऱ्हाट्या काढून टाकणं, हे सगळं त्यांनी एकत्र आणि एकाच जातीवर रोखून केलं.

आपल्या हातात काय आहे? कामगंध सापळा लावताना आतली गोळी कोणत्या अळीची आहे ते पाहून घ्या. नर पतंग आपल्याच जातीच्या वासाला येतो. हिरवीची गोळी लावून सापळा रिकामा राहिला, म्हणजे गुलाबी नाही असं नव्हे. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग पडले, की सावध व्हा. आणि फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी एकरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, हातानं फोडून बघा. दोनांत गुलाबी अळी निघाली तर वेळ आली असं समजा. दुकानात जाताना ते फोडलेलं बोंड खिशात घेऊन जा, म्हणजे नुसतं ‘बोंडअळी’ म्हणायची पाळी येणार नाही.