भरल्या गाडीवर चढावे कसे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका शिक्षकमित्राचा घोटा मोटरसायकलखाली सापडून मोडला. सहा आठवडे प्लास्टर होते. विशेष म्हणजे त्या वेळी गाडीचा वेग शून्य होता. विज्ञान प्रदर्शनाच्या साहित्याची दोन जड खोकी मागच्या सीटवर एकावर एक बांधली होती. पाय नेहमीसारखा मागून टाकता येईना, म्हणून त्यांनी तो टाकीवरून कसाबसा पलीकडे नेला, गाडी सरळ केली, स्टँड वर घेतला. एवढ्यात गाडी डावीकडे ‘थोडीशीच’ कलली आणि सावरता आली नाही.

सर शाळेत परतले तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आमच्या गावचा दूधवाला रोज यापेक्षा जास्त ओझे नेतो. तो पडत नाही. तुम्ही उभ्या गाडीवरून कसे पडलात?” प्रश्न खोचक वाटेल, पण विज्ञानाच्या तासाला शोभणारा आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला दुचाकीचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास चाळावा लागला. ओझे कुठे ठेवायचे आणि चढायचे कसे, हे दोन प्रश्न या इतिहासात सतत एकमेकांचे पाय ओढताना दिसतात.

सुरुवात सायकलपासून करू. १८७० च्या दशकात पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशी उंच सायकल युरोपात प्रचारात आली. तिच्यावर मागून चढत. मागच्या चाकाच्या वर, सांगाड्याला एक छोटी पायरी असे. स्वाराने तिच्यावर एक पाय ठेवायचा, दुसऱ्याने जमीन ढकलत गाडीला वेग द्यायचा आणि मग बैठकीवर झेप घ्यायची. मागची जागा चढण्यासाठीच लागत असल्यामुळे तिथे मोठे सामान ठेवणे शक्यच नव्हते. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी आणि जमिनीला पाय टेकतील अशी बैठक. आता बाजूने चढता येऊ लागले आणि मागच्या चाकावरची जागा मोकळी झाली. आपल्या सायकलचे कॅरिअर त्या मोकळ्या जागेवरच बसले आहे.

त्याच १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवले. ही गाडी कलंडू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक जोडावे लागले. दुचाकीवरचे पहिले जड ओझे म्हणजे खुद्द इंजिनच होते, असे म्हणायला हरकत नाही. ते कुठे ठेवायचे, हे ठरायला पुढे पंधरा-सोळा वर्षे गेली. पॅरिसमध्ये वेर्नर बंधूंनी १८९७ साली इंजिन पुढच्या चाकाच्या वर बसवले. वजन उंचावर आणि पुढे गेल्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी घसरे. १९०१ साली त्यांनी इंजिन सांगाड्याच्या तळाशी, दोन चाकांच्या मधोमध आणले. मोटरसायकलचे इंजिन आजही बहुधा तिथेच असते. जड वस्तू खाली आणि मध्यभागी ठेवावी, हा धडा कारखानदार अशा रीतीने शिकले. आमच्या मित्राच्या खोक्यांनी तो मोडला होता.

या धड्यामागचे गणित मुलांना सहज करता येईल. समजा गाडीचे वजन ११० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी उंच आहे. आपण शेजारी उभे राहून ९० सेंमी उंचीवर हँडल धरले आहे आणि गाडी १० अंश कलली आहे. तिला धरून ठेवायला सुमारे साडेदहा किलो वजनाएवढा जोर लागेल. आता ६० किलोचे ओझे १०० सेंमी उंचीवर बांधा. एकूण वजन साधारण दीडपट झाले, पण लागणारा जोर दुप्पट होऊन २२ किलोवर जातो, कारण गुरुत्वमध्य सुमारे ६८ सेंमीवर चढलेला असतो. तेच ओझे ५० सेंमी उंचीवर दोन्ही बाजूंना वाटून बांधले, तर साडेसोळा किलोत काम भागते. उंच ओझ्याची गाडी २० अंश कलली, तर ४४ किलोचा जोर हवा. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या माणसाला तो जमत नाही. आमच्या मित्राचा ‘थोडीशीच’ हा शब्द खरा होता. संकट त्या थोडीशीतच असते. चालत्या गाडीत हँडल किंचित वळवून चाके पुन्हा वजनाखाली आणता येतात. उभ्या गाडीला ही सोय नसते. म्हणून ओझ्याची खरी परीक्षा धावताना होण्यापेक्षा चढताना आणि उतरताना होते.

ओझे दोन्ही बाजूंना खाली सोडण्याची युक्ती मोटरसायकलपेक्षा फार जुनी आहे. लमाणांच्या बैलांवरच्या गोण्या आठवाव्यात, किंवा खांद्यावरची पडशी. मोटरसायकलच्या बाजूंना लावतात त्या पिशव्यांना इंग्रजीत ‘पॅनिअर’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या ‘पानिस’ म्हणजे पाव या शब्दापासून आला; मूळ अर्थ पावाची टोपली. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांमार्फत त्याच मुळापासून आलेला आहे. गोव्यात सकाळी सायकलवर टोपली घेऊन भोंगा वाजवत येणारा पोदेर या शब्दाचा जुना अर्थ जणू सोबत घेऊन हिंडतो.

आता चढण्याकडे वळू. मोटरसायकलवर डावीकडूनच का चढतात? घोडेस्वाराची तलवार डाव्या कमरेला असे, म्हणून तो डावीकडून चढे आणि तीच सवय पुढे आली, असे सांगतात. आज त्याला यांत्रिक आधारही आहे. बाजूचा स्टँड डावीकडे असतो आणि गाडी त्याच बाजूला कललेली असते. डावीकडून चढणाऱ्याचे वजन गाडीला स्टँडवर दाबते, उजवीकडून चढणाऱ्याचे वजन तिला स्टँडवरून उठवते. सुरुवातीच्या अनेक मोटरसायकलींना तर क्लचही नव्हता. गाडी ढकलत पळायचे आणि इंजिन सुरू झाले की उडी मारून बसायचे! मागे उंच ओझे असताना ही कसरत कोण करणार? इंग्लंडमधल्या आल्फ्रेड स्कॉट यांच्या मोटरसायकलवर १९०८ मध्ये पायाने मारायची किक आली आणि उभ्या गाडीवर बसून इंजिन सुरू करता येऊ लागले.

तरीही पाय पलीकडे टाकणे चुकले नव्हते. त्यातून सुटका झाली ती गाडीचा मधला भाग खाली नेल्यामुळे. झगा घालणाऱ्या स्त्रियांसाठी सायकलचा आडवा दांडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच खाली वाकवला गेला होता. १९४६ साली इटलीत पिआज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटर बाजारात आणली. तिचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ विमान आणि हेलिकॉप्टरच्या क्षेत्रातले अभियंते होते आणि त्यांना मोटरसायकल मुळीच आवडत नसे. म्हणूनच की काय, त्यांनी चढण्याचा प्रश्न नव्याने विचारला. समोरून मोकळी वाट आणि पायाखाली सपाट फळी. पाय उंच उचलायची गरजच उरली नाही. १९५८ साली जपानमध्ये होंडाची ‘सुपर कब’ आली. सोबा नावाच्या शेवयांची थाळी घरोघर पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ओझे धरून ती चालवता यावी, म्हणून तिचा हाताचा क्लचच काढून टाकला होता, असे सांगतात. ओझेवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या गाडीचे उत्पादन २०१७ मध्ये १० कोटींवर गेले.

महाराष्ट्रात ही परंपरा पुण्याजवळ आकुर्डीला बनलेल्या बजाजच्या स्कूटरींनी आणि १९७२ साली आलेल्या लूनाने घरोघर नेली. स्कूटरच्या फळीवर उभा केलेला गॅसचा सिलिंडर अनेकांना आठवत असेल. भरलेला सिलिंडर सुमारे तीस किलोचा. तो सुरक्षित होता असे आम्ही म्हणणार नाही, पण ओझे खाली आणि मध्ये ठेवण्याची बुद्धी लोकांना आपोआप सुचली होती, एवढे खरे.

आता त्या मुलीला उत्तर देता येईल. दूधवाल्याचे कॅन दोन्ही बाजूंना, खाली लोंबकळतात. एका बाजूचे दूध आधी संपवले तर गाडी दुसरीकडे ओढते, म्हणून जाणता दूधवाला दोन्हीकडून आळीपाळीने दूध काढतो. चढताना तो मागून पाय टाकण्याच्या भानगडीत पडत नाही. गाडी मधल्या स्टँडवर असते, तो पुढून बसतो आणि दोन्ही पाय टेकवल्यावरच गाडी स्टँडवरून उतरवतो. त्याला वेर्नर बंधू ठाऊक नाहीत, पण त्यांचा धडा ठाऊक आहे. मात्र कॅन अडकवायचे लोखंडी कडे बहुधा गावातल्या वेल्डिंगवाल्याने अंदाजाने केलेले असते. ओझे मागच्या चाकाच्या फार मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल नीट ऐकत नाही. हे कोणी मोजून पाहिलेले नसते.

ते आपल्या वर्गाला मोजता येईल. एक सायकल, वाळूच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या आणि एक ताणकाटा घ्यावा. पिशव्या आधी कॅरिअरवर एकावर एक बांधाव्यात, मग दोन्ही बाजूंना खाली सोडाव्यात. दोन्ही वेळा सायकल सारखीच कलती धरून हँडलला लागणारा जोर ताणकाट्यावर वाचावा. सायकल धरायला दोघे मजबूत विद्यार्थी हवेत. मग घरी वडिलांच्या, आईच्या गाडीवर ओझे कुठे बांधतात, त्याचे चित्र प्रत्येकाने काढून आणावे. आमच्या मित्राने हा प्रयोग वर्गात केला. दुसऱ्या दिवशी आलेल्या चित्रांपैकी कित्येकांत पोती मागच्या सीटवर उभीच होती. त्यांतल्या काही जरी आता खाली आल्या, तर सरांचा मोडलेला घोटा सत्कारणी लागला असे म्हणता येईल.