तालुका निवडला की

मी सर्व्हरवर काम करणारा. पीएचपी, डेटाबेस, रिपोर्ट. आंजर्ल्याच्या घरी डायल-अपवर आमचाच फॉर्म उघडला की तेव्हाच्या वेबचं खरं रूप दिसायचं. जिल्हा रत्नागिरी निवडा, अख्खं पान पुन्हा लोड. दापोली निवडा, पुन्हा तेच. यादीत आंजर्ले दिसेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती मागवायचा उपाय खरं तर आधीच आलेला होता. आउटलुक वेबवर चालावं म्हणून मायक्रोसॉफ्टने तो बनवला आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये दिला. पण २००४ चं जीमेल आणि २००५ चे गूगल मॅप्स पाहिल्यावरच आम्हाला त्याची ताकद कळली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी लेख लिहून या पद्धतीला ‘एजॅक्स’ म्हटलं.

सर्व्हरवाल्याने सुरुवात अशाच फॉर्मपासून करावी. जिल्ह्याचा क्रमांक घेऊन फक्त तालुक्यांची नावं देणारी छोटी फाइल लिहावी, ती आधी थेट ब्राउझरमध्ये उघडून तपासावी, मगच जावास्क्रिप्टला हात लावावा. तिथे विनंती पाठवून कोड थांबत नाही, पुढच्या ओळीवर जातो. उत्तर आलं की वेगळं फंक्शन चालतं. वरून खाली वाचत जायची सवय असलेल्याला हेच सगळ्यात जड जातं. शिवाय उत्तरं पाठवलेल्या क्रमाने येतीलच असं नाही. घाईत रत्नागिरीचं रायगड केलं, तर मागून आलेले रत्नागिरीचे नऊ तालुके रायगडखाली जाऊन बसतात. म्हणून उत्तरासोबत जिल्ह्याचा क्रमांकही परत पाठवायचा आणि तो जुळला तरच यादी भरायची.