उत्पादन व्यवस्था आणि कारखान्याची मांडणी

उत्पादन व्यवस्था : कच्च्या मालापासून वापरण्याजोगी वस्तू करण्यासाठी माणसे, यंत्रे, जागा आणि वेळ यांची जी घडी बसवली जाते ती. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तिचे पाच ठोकळ प्रकार सांगतात : एका जागी उभारणी, सुटी कामे, घाणे किंवा बॅच, जुळणीची साखळी आणि अखंड प्रक्रिया. नावे पाठ करण्यापेक्षा कारखान्यात शिरल्यावर हलते कोण आणि थांबते कोण, एवढे पाहिले तरी प्रकार ओळखू येतो.

जहाज बांधताना वस्तू जागची हलत नाही. वेल्डर, पाइप फिटर, वायरमन आणि रंगारी तिच्याभोवती फिरतात. खोळंबा होतो तो जागेचा. बोटीच्या एका अरुंद कप्प्यात तिघांचे काम एकाच दिवशी निघाले, तर दोघांनी बाहेर बसायचे. मुंबईच्या माझगाव गोदीचा इतिहास १७७४ पासूनचा आहे. अलीकडे तिथे जहाजाचे मोठे तुकडे वेगळे बांधून, त्यांत नळ आणि तारा आधीच बसवून, ३०० टनी गोलिएथ क्रेनने जागेवर नेऊन जोडतात. जहाज अजूनही स्थिरच असते, पण त्यावर चढून करायचे काम बरेच कमी झाले आहे.

सुट्या कामांच्या वर्कशॉपमध्ये उलटे असते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वस्तीत एखाद्याकडे आज पंपाचा शाफ्ट येतो, उद्या ऊस चरकाचा तुटलेला दाता. कोणते काम येईल ते ठाऊक नसल्याने लेथ एका ओळीत, ड्रिल दुसऱ्या कोपऱ्यात, ग्राइंडर तिसरीकडे अशी जातवार मांडणी करतात आणि जॉब ड्रॉइंगसकट या यंत्राकडून त्या यंत्राकडे हिंडतो. हिंडतो म्हणण्यापेक्षा ताटकळतो. यंत्रावर तो तासभर असतो आणि रांगेत दोन-दोन दिवस. मग मालक खडूने ‘अर्जंट’ लिहितो; आठवड्याभरात निम्म्या जॉबांवर तो शब्द दिसू लागतो. या पद्धतीची खरी दौलत म्हणजे ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करणारा टर्नर.

तोच भाग पुन्हा पुन्हा लागू लागला की घाणा सुरू होतो. भज्यांचा असतो तसाच : कढई तापेपर्यंत वेळ जातो, म्हणून एकदा तापली की भरपूर तळून घ्यायचे. समजा, यंत्राच्या सेटिंगला दोन तास लागतात आणि एका नगाला तीन मिनिटे. २० नग काढले तर सेटिंगचा वाटा धरून नगामागे ९ मिनिटे पडतात; २०० काढले तर ३.६. म्हणून सुपरवायझरचा कल नेहमी मोठ्या घाण्याकडे. पण २०० नगांत अडकलेले पैसे, त्यांना लागणारी जागा आणि चढणारा गंज यांचा हिशेब कोणी करायचा? तो १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने एका छोट्या सूत्रात बसवला. सेटिंगचा खर्च आणि साठ्याचा खर्च यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो किफायतशीर घाणा. सूत्र बरोबर होते. मात्र दोन तासांचे सेटिंग त्यात अटळ धरलेले होते. शिगेओ शिंगो यांनी जपानी कारखान्यांत हेच गृहीतक मोडून काढले. यंत्र चालू असतानाच पुढचा साचा, बोल्ट आणि हत्यारे तयार ठेवायची, यंत्र थांबल्यावर फक्त अदलाबदल करायची. सेटिंग काही मिनिटांवर आले की २० नगांचा घाणाही परवडतो.

साखळीत वस्तू चालते आणि माणूस थांबतो. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये मोटारीचा सांगाडा कामगारांसमोरून सरकू लागला. एका सांगाड्याच्या जुळणीला आधी साडेबारा तास लागत. पुढच्या वर्षी ही वेळ ९३ मिनिटांवर आली. त्याची किंमत कामगाराच्या मनाला मोजावी लागली. दिवसभर तोच एक नट आवळायचा म्हटल्यावर लोक इतक्या भराभर सोडून जात, की जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरची योजना जाहीर केली. औदार्याचा भाग त्यात असेल, पण मोकळ्या जागा पडलेली साखळी चालत नाही हे कारण मोठे होते.

साखळी आखण्याचे गणित सोपे आहे. आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटे उरतात. ३०० नग हवे असतील तर दर दीड मिनिटाला एक नग बाहेर पडायला हवा. म्हणजे प्रत्येक ठिकाणचे काम ९० सेकंदांत बसले पाहिजे. एकाला ११० सेकंद लागली तर बाकीचे कितीही चपळ असले तरी साखळी ११० सेकंदांनीच चालते. अशा ठिकाणी अनुभवी फोरमन कामगाराला ओरडत बसत नाही. त्याच्या कामातला एखादा तुकडा उचलून शेजाऱ्याला देतो.

टोयोटाने या साखळीत थांबण्यालाच मान दिला. त्याचे मूळ मोटारीत नव्हे, मागात आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे, म्हणून एक माणूस अनेक माग सांभाळू शकत होता. पुढे ताइइची ओनो यांनी मोटार कारखान्यात दोष दिसताच कामगाराने साखळी थांबवावी अशी पद्धत रुजवली आणि पुढच्या ठिकाणाने मागितल्याशिवाय मागच्याने माल करू नये म्हणून ‘कानबान’ नावाच्या चिठ्ठ्या वापरल्या.

आज ही मांडणी कागदावर हवी तशी आखता येते. पूर्वी ती इंजिन आखत असे. कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या गिरणीत एकच वाफेचे इंजिन आणि त्यावर फिरणारा लांबलचक शाफ्ट. प्रत्येक यंत्राला त्यावरून पट्टा. यंत्र कुठे ठेवायचे हे मालाच्या वाटेवरून कमी आणि शाफ्टच्या रेषेवरून जास्त ठरे. हादरणारे माग जमिनीवर, करवतीसारख्या दातेरी छपराखाली ठेवत. त्या छपरातून उत्तरेचा थंड उजेड येई. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे यंत्रागणिक मोटर आल्यावर यंत्र सुटे झाले.

अखंड प्रक्रियेचे महाराष्ट्राला सर्वांत ओळखीचे उदाहरण साखर कारखाना. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत पहिली मोळी टाकणे हे जणू ग्रामीण पंचांगातले सणच झाले. इथे कोणीच थांबायचे नसते. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून तोडणी, गाडी, काटा, गव्हाण ही सारी एकाच दोरीत ओवलेली. चरकातून निघालेल्या चिपाडावरच बॉयलर चालतो आणि बॉयलरच्या वाफेवर चरक. ऊस आला नाही की ‘नो केन’ची नोंद होते, वाफ पडते, नळ्यांत राहिलेला रस आंबू लागतो. कारखान्याचे माप म्हणूनच किती साखर झाली यावर नव्हे, दिवसाला किती टन ऊस गाळला जातो यावर सांगतात.

पण पुस्तकी वर्गीकरण याच कारखान्यात अडखळते. रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ होऊन, आटून पाक होईपर्यंत सगळे खरोखर अखंड वाहते. पाक पॅनमध्ये शिरला की घाणा सुरू. निर्वात पॅनमध्ये तो कमी तापमानावर उकळतो, त्यामुळे करपत नाही. त्यात बारीक साखरेचे बी सोडले जाते आणि पॅनमन मधूनमधून थोडासा नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडासमोर धरतो. दाणा सारखा आहे का, मध्येच भुकटीसारखे नको असलेले दाणे उगवलेत का, हे तो नजरेने आणि चिमटीने ठरवतो. आता पडद्यावर आकडे दिसतात, तरी काचेची पट्टी बऱ्याच पॅनवर टिकून आहे. हजारो टन ऊस गिळणारी अखंड व्यवस्था इथे एका माणसाच्या ‘झाला’ या शब्दासाठी थबकते. तो आला की पॅन उतरते. साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्रांकडे माल जातो आणि ओघ पुन्हा सुरू होतो. पॅन आणि पाक यांच्यामध्ये टाक्या ठेवायच्या त्या याचसाठी : वाहत्या आणि थांबत्या कामाचा सांधा जुळवायला.

कारखान्याला भिंती असाव्याच लागतात असेही नाही. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाची व्यवस्था अशीच आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, कारण चव एकच हवी. लाटणे घरोघरी होते, कारण पोळपाट-लाटणे आणि हात तिथे आहेत. लाटणाऱ्या बायका, संस्थेच्या भाषेत ‘बहिणी’, सकाळी मळलेले पीठ मोजून नेतात, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणतात. ओलावा उडून वजन घटणार हे धरूनच काटा लावतात, पापड तपासतात आणि वजनावर मजुरी देतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वीज वापरणाऱ्या जागेत १० आणि न वापरणाऱ्या जागेत २० कामगार ही कारखान्याची किमान मर्यादा धरली होती. एका चाळीत पंचवीस घरांत पापड लाटले जात असले, तरी त्या व्याख्येने तिथे कारखाना नव्हता.