अळीच्या पोटातले औषध : सुगावा आणि पुरावा

१. प्रश्न

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते, आणि जिल्ह्यातला तुती लावणारा शेतकरी मेलेली अळी पाहून रोग ओळखायला शिकला आहे. संगोपनगृहात रेशीम अळी फ्लॅचरी या रोगाने मेली, की ती मऊ पडते, काळवंडते आणि तिला घाण वास सुटतो. पण शेतात हुमणी अळी मारण्यासाठी कीटकहारी सूत्रकृमी सोडले असतील, तर माती उकरताना कधी विटकरी रंगाची हुमणी हाती लागते. ती मेलेली असते, तरी सडलेली नसते. नाकाजवळ नेली तरी दुर्गंधी येत नाही.

दोन्ही अळ्यांत जीवाणूंचीच दाटी असते. मग एक सडते आणि दुसरी का टिकते? या प्रश्नाच्या मागे गेलेल्या संशोधकांच्या हाती औषधे लागली आहेत. मात्र कीटकातून मिळालेला पदार्थ हा औषधाचा सुगावा असतो. त्याला पुराव्याचा दर्जा माणसांवरच्या चाचण्यांनीच मिळतो. पुढील विवेचन याच भेदावर उभे आहे.

२. जीवाणू आणि कीटक : तीन नाती

पहिले नाते राखणदाराचे. मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी आपल्या शृंगिकांमधल्या ग्रंथींत स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू पाळते. ते पिल्लाच्या कोषावर पसरतात आणि बुरशी रोखतात. २०१० साली या कोषांवर नऊ प्रतिजैविकांचे मिश्रण आढळले.

दुसरे नाते पाहुण्याचे. खाद्यासोबत आतड्यात आलेले जीवाणू तेथे राहतात, कधी पचनाला मदत करतात, तर कधी संधी मिळताच रोग करतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे व सहकाऱ्यांनी क्यूलेक्स डासाच्या आतड्यातून असाच एक जीवाणू वेगळा केला आणि २००२ साली ‘एरोमोनास क्युलिसिकोला’ या नावाने त्याची नोंद केली. पुढे तो आधीच माहीत असलेल्या जातीतलाच ठरला. जीवाणूची ओळख पटवणे हेच किती चिकाटीचे काम आहे, हे यावरून कळते.

तिसरे नाते मारेकऱ्याचे. हुमणीचे उदाहरण याच वर्गातले आहे.

३. हुमणी सडत का नाही

हेटेरोरॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी १९९२ साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून नोंदला गेला. त्याच्या आतड्यात फोटोरॅब्डस हा जीवाणू असतो. सूत्रकृमी तोंडावाटे, श्वसनरंध्रांतून किंवा पातळ कातडी फाडून अळीत शिरतो आणि जीवाणू तिच्या रक्तद्रवात सोडतो. साधारण दोन दिवसांत अळी मरते. जीवाणू तिच्या शरीरावर वाढतात, सूत्रकृमी त्या जीवाणूंवर वाढतात, आणि काही आठवड्यांत नवी पिढी मातीत बाहेर पडते.

तोपर्यंत मेलेल्या अळीचे हे कोठार राखावे लागते. बाहेरून बुरशी, मुंग्या आणि मातीतले जीवाणू टपलेले असतात, तर आत अळीच्याच आतड्यातले जीवाणू असतात. फोटोरॅब्डस या सर्वांविरुद्ध वेगवेगळे पदार्थ सोडतो. त्या पदार्थांवर निसर्गाने तीन अटी घातलेल्या असतात. ते अळीच्या शरीरभर पसरले पाहिजेत, त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना मारले पाहिजे आणि त्याच शरीरात राहणाऱ्या सूत्रकृमीला सुखरूप ठेवले पाहिजे. माणसाच्या प्रतिजैविकाकडूनही आपली अपेक्षा हीच असते.

४. तीन पदार्थ, तीन पायऱ्या

(अ) सेराशिओपेप्टिडेज. दाढ काढल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर सूज उतरावी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव असते. हे विकर जपानमध्ये रेशीम अळीच्या आतड्यातल्या सेराशिया जीवाणूपासून मिळाले. याच विकराने पतंग कोष विरघळवून बाहेर पडतो, अशी कथा सांगितली जाते. ती खरी नाही. कोष मऊ करणारे ‘कोकूनेज’ हे विकर पतंग स्वतःच मुखांगांतून सोडतो. गोळीच्या उपयोगाबाबतही पुरावा कमजोर निघाला. खोट्या गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांत फरक न दिसल्याने मूळ जपानी उत्पादक ताकेडा कंपनीने २०११ साली ते जपानच्या बाजारातून मागे घेतले. आपल्याकडे ते आजही सर्रास लिहून दिले जाते.

(आ) टॅपिनारोफ. फोटोरॅब्डस मेलेल्या अळीत स्टिल्बीन वर्गातला एक छोटा रेणू बनवतो. तो इतर जीवाणू व बुरशी रोखतो. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात जॉन वेब्स्टर आणि गेनहुई चेन यांच्या कामातून त्याचा त्वचेच्या दाहावरचा गुण पुढे आला. हा रेणू त्वचेच्या पेशींतल्या एका ग्राहक-प्रथिनाला चालना देतो आणि दाह कमी करतो. रीतसर चाचण्यांनंतर सोरायसिसवरचे मलम म्हणून त्याला चीनमध्ये २०१९ साली आणि अमेरिकेत मे २०२२ मध्ये मान्यता मिळाली. औषधासाठी तो आता रासायनिक पद्धतीने बनवला जातो.

(इ) डारोबॅक्टिन. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या ग्राम-ऋण जीवाणूंना दुहेरी आवरण असते, आणि बाहेरचे आवरण बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. २०१९ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या किम लुईस यांच्या गटाने फोटोरॅब्डसमधून डारोबॅक्टिन वेगळे केले. सात अमिनो आम्लांची ही साखळी बाहेरच्या आवरणातल्या ‘बॅमए’ या प्रथिनालाच जखडते, म्हणून तिला आत शिरावेच लागत नाही. बॅमए निकामी झाले, की आवरण बांधणारी यंत्रणा थांबते. उंदरांवरच्या प्रयोगांत तिने संसर्ग आटोक्यात आणला. तरीही ती अजून औषध झालेली नाही.

तिघांचाही उगम अळीतल्या जीवाणूंत आहे. त्यांच्यात फरक पडला तो चाचण्यांनी.

५. अडचणी

पहिली अडचण मूक जनुकांची. अळीत सुरू होणारी जनुके प्रयोगशाळेच्या थाळीत बहुधा गप्प बसतात. डारोबॅक्टिनही सुरुवातीला अत्यल्प मिळाले. दुसरी विषारीपणाची. पीडेरस नावाचा बारीक किडा अंगावर चिरडला, की कातडीवर फोड उठतात. त्याचे कारण असलेले पेडेरिन हे विष त्याच्यातले जीवाणू बनवतात, हे यॉर्न पील यांनी २००२ साली जनुकांवरून दाखवले. पेडेरिन पेशींची प्रथिननिर्मितीच बंद पाडते, आणि ते आपल्या पेशींनाही सोडत नाही. तिसरी संसर्गाची. फोटोरॅब्डसचीच ‘असिम्बायोटिका’ ही जात माणसाला संसर्ग करते. म्हणून कुठलीही मेलेली अळी जखमेवर लावणे धोक्याचे आहे.

६. आपल्या शिवारात

या शोधाची पहिली पायरी स्वस्त आहे. पहिल्या पावसानंतर बांधावरची, कडुनिंबाखालची, पडीक रानातली ओलसर माती वेगवेगळ्या डब्यांत भरावी आणि त्यात मेणकिड्याच्या अळ्या सोडाव्यात. पाच-सात दिवसांनी ज्या डब्यात विटकरी रंगाची, वास न येणारी अळी सापडेल, त्या मातीत हे सूत्रकृमी असण्याची शक्यता मोठी. ती अळी हातमोजे घालून उचलावी, ठिकाण व तारीख लिहून तज्ज्ञांकडे पाठवावी. जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयाला हे काम सहज जमेल.

जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये ‘जैविक संसाधन’ या शब्दात सूक्ष्मजीवही येतात. म्हणून गावाच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत झाडे-पक्ष्यांच्या शेजारी मातीतल्या या जीवांनाही ओळ मिळाली पाहिजे. ज्या मातीचा नमुना जपलेला आहे, तिच्यातल्या जीवाणूकडे उद्या परत जाता येते. फवारणीने किंवा नांगराने तो जीव नाहीसा झाला, तर परत जायला ठिकाण उरत नाही.